सहावं ताट

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऑफिसात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली, एकदा तर लातूरहून नांदेडला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. दर वेळी ती एका ठिकाणी आणून थांबवली. त्या पुढचं सांगायचं मी अठरा वर्षं टाळलं. आता चौऱ्याहत्तरावं सरत आलंय. आई जाऊन खूप वर्षं झाली, बायको चार वर्षांपूर्वी गेली. मी खोटं बोललो म्हणून ज्याला खाली बघावं लागेल असं आता घरात कुणी नाही. म्हणून आज पुढचं लिहितो.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमची सरकारी क्वार्टर्स होती. एका मजल्यावर दोन घरं, दारं समोरासमोर, आणि मागच्या गॅलऱ्या एकमेकींना इतक्या जवळ की इकडून हात लांबवून तिकडं वाटी देता यायची. मी कारकून. समोर माझ्याच कार्यालयातले सर्व्हेअर राहत. आम्ही लिंगायत, मूळचे अहमदपूरकडचे. ते बौद्ध, माहूरकडचे. नऊ वर्षं शेजार होता. पेपर एकच यायचा, सकाळी त्यांच्याकडं आणि दुपारनंतर आमच्याकडं. ते मला भाऊसाहेब म्हणत, मी त्यांना साहेब. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊ.

भांड्यांची ये-जा तर रोजचीच. आमच्याकडं रीतच आहे की आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. धपाटे गेलेलं ताट पेरू घेऊन यायचं, पेरूची वाटी लोणचं घेऊन जायची. त्यामुळं कुणाचं काय कुणाकडं आहे, हे दोन्ही घरच्या बायकांनाच माहीत. आणि घोटाळा होऊ नये म्हणून भांड्यांवर नावं असायची. ठिपक्या-ठिपक्यांनी, काठावर.

आमची सहा ताटं होती. माझ्या लग्नात वडिलांनी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली, जड, सपाट काठाची. प्रत्येकावर वडिलांचं नाव. ती रोजच्या वापरात असली तरी माझा त्यांच्यावर जीव होता.

मुलीला बघायला उदगीरहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घर व्यापाऱ्याचं, आमच्यापेक्षा वरचढ. मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं, "मुलाच्या वडलाचे गुडघे गेलेत. खाली बसता येत न्हाई. टेबलाचं बघा." आमच्याकडं टेबल नव्हतं. समोर होतं, सागवानी, सहा माणसांचं.

त्या दिवशी चार वाजता साहेब पाना घेऊन आले. टेबलाचे पाय काढले, फळी आडवी करून दारातून आत घेतली, पाय परत बसवले. घाम पुसत म्हणाले, "भाऊसाहेब, सोयरीक जमली तर टेबलाचा मान आमचा. लग्नात आहेर आधी टेबलाला."

"टेबलाला टोपी घालतो," मी म्हणालो. सगळे हसले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पाचच्या सुमारास बायकोनं ताटं पुसायला घेतली आणि थांबली.

"अहो, पाचच हायत."

मांडणी बघितली, मोरी बघितली, देवघरामागं बघितलं. येणारी माणसं सहा. मुलगा, त्याचे आईवडील, मामा, बहीण आणि तिचा नवरा. सहा सारखी ताटं एका ओळीत मांडायची असं तिनं पंधरा दिवसांपासून डोक्यात धरलेलं.

"मागच्या आठवड्यात समोर धपाटे दिले होते," ती म्हणाली. "ताटातच दिले. परत आलं का न्हाई, मला आठवून न्हाई राहिलं."

"न्हाईच आलं," मी म्हणालो.

मला काहीही माहीत नव्हतं. मी ते ताट जाताना पाहिलं नव्हतं, येताना तर नाहीच. पण शब्द तोंडातून असे बाहेर पडले जसे तयारच बसले होते. आई तेव्हा अहमदपूरहून आलेली होती. ती आतल्या खोलीत संध्याकाळच्या लिंगपूजेला बसली होती. पूजेत ती बोलत नसे. घराला आग लागली असती तरी बोलली नसती.

तेवढ्यात वहिनी काचेचे ग्लास घेऊन आल्या. आमच्याकडचे स्टीलचे होते आणि पाहुण्यांपुढं काचेचे बरे दिसतील, असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

"वहिनी, आमचं एक ताट तुमच्याकडं राहिलंय बघा."

"धपाट्याचं ना? ते दुसऱ्याच दिवशी दिलं की, भाऊ. पेरू घालून."

"पेरू आठवतात. ताट न्हाई आठवत." मी हसत म्हणालो.

"मग पेरू काय पदराच्या ओट्यात घालून आणले होते मी?" त्याही तेव्हा हसत होत्या.

"तसं न्हाई. पण एकदा बघून घ्या. ताटात ताट मिसळतं. चुकून मांडणीत गेलं असंल."

बायकोनं माझी बाही ओढली. मी लक्ष दिलं नाही. वहिनींचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर राहिलं थोडा वेळ, मग विरलं. ग्लास त्यांनी एकेक करून टेबलावर ठेवले, सहाच्या सहा, आणि गेल्या.

पाच मिनिटांत परत आल्या. दोन्ही हातांत छातीपर्यंत ताटांची चळत. ती त्यांनी त्यांच्याच टेबलावर ठेवली. "अकरा हायत. घरात एवढीच. नावं वाचून घ्या."

"वहिनी, अहो, कशाला!" बायको म्हणाली. "राहू द्या हो, काय तुम्ही!"

इथं मी "राहू द्या" म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. एकावर त्यांच्या आईचं नाव, दोनांवर मामांचं, एकावर मावशीचं, तिनांवर कार्यालयीन मित्रपरिवार. तीन कोरी, नुसत्याच रेघा मारलेली. पाहुणे यायला दोन तास उरले होते, पुरणाचा वास घरभर होता, आणि मी दुसऱ्याच्या घरची ताटं उजेडाकडं धरून तपासत होतो. शेवटचं ताट हातात घेतलं आणि काठावर माझंच नाव दिसलं.

"हे काय!" मी म्हणालो. 'सापडलं' असा माझा आवाज होता.

"पुढं वाचा," वहिनी म्हणाल्या.

पुढं लिहिलं होतं: यांजकडून बारशानिमित्त. त्यांच्या धाकट्या मुलाच्या बारशाला मीच दिलेलं, मीच दुकानात उभं राहून नाव घालून घेतलेलं ताट.

"तुमचं नाव असलेलं आमच्या घरात एवढंच हाय, भाऊ. न्यायचं असंल तर न्या."

मी ते ताट चळतीखाली सरकवलं. त्यांनी चळत उचलली. दाराशी गेल्यावर मात्र परत वळल्या आणि वरचं एक कोरं ताट काढून पुढं केलं. "सहा माणसं येणार ना? याच्यावर कुणाचं नाव न्हाई. लागलं तर घ्या."

"नको नको," मी म्हणालो. "सारखी पाहिजेत ताटं. वेगळं दिसेल."

सहावं ताट म्हणून आम्ही शेवटी बायकोच्या माहेरचं मांडलं. तेही वेगळंच दिसत होतं. उथळ, काठ मुडपलेला. ते मी मुलाच्या बहिणीपुढं येईल असं ठेवलं, बाईमाणूस काय बोलणार म्हणून.

जेवणं छान झाली. येसराच्या आमटीला मुलाच्या मामांनी तीनदा वाटी पुढं केली. मुलाचे वडील पाय ऐसपैस पसरून बसले, टेबलावर हात फिरवत म्हणाले, "टेबल लई झकास हाय. कुठलं?"

"इथलंच, नांदेडचं," मी म्हणालो. कुणाचं ते बोललो नाही. वाढताना माझी नजर सारखी समोरच्या दाराकडं जात होती. दार लावलेलं होतं. एरवी आमच्याकडं चार माणसं आली की ते दार उघडं असायचं आणि वहिनी मधूनमधून डोकावून बोटांनी विचारायच्या, काही पाहिजे का. दार लावून बसल्या म्हणजे काहीतरी आहे, असं मी मनात म्हणालो. माणसाला शोधायचं असलं की बंद दारातही पुरावा सापडतो.

सोयरीक जमली. दुसऱ्या दिवशी साहेब पाना घेऊन आले, टेबल सोडवलं, घेऊन गेले. "अभिनंदन, भाऊसाहेब," एवढंच म्हणाले. टेबलाच्या मानाचं काही बोलले नाहीत.

त्या दिवसानंतर वहिनींनी आमच्या घरात भांडं पाठवलं नाही. नातं तोडलं नाही, कडू बोलल्या नाहीत. भीमजयंतीची खीर आली, पण कागदाच्या द्रोणात. पेरू आले ते पिशवीत, पिशवी परत नको म्हणून निरोप. परत करायचं काही मागं राहू नये अशी व्यवस्था त्यांनी केली. मी बायकोला म्हणालो, "बघ, मनात काहीतरी असल्याबिगर कुणी असं करतं का?"

आणि मी बोलायला लागलो. ऑफिसात डबा खाताना सहज, हसतहसत. "आमचं एक ताट गेलं बुवा. वडलाच्या नावाचं. शेजारी म्हटल्यावर काय बोलणार?" 'चोरलं' असं मी कधीच म्हणालो नाही. म्हणायची गरजच नसते. ऐकणारे पुढचं स्वतःच म्हणतात. एकजण म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही लई भोळे. असल्यांना उंबरठ्याच्या आत घेतलं की असंच व्हायचं." मी मान डोलावली. माझ्या गळ्यात लिंग होतं, तोंडात समतेची वचनं होती, आणि मी मान डोलावली.

महिनाभरानं एका सकाळी मी मागच्या गॅलरीत गवती चहाची कुंडी सरकवत होतो. तिच्याखाली पाणी गळू नये म्हणून काहीतरी ठेवलेलं होतं, मातीनं भरलेलं. त्या कुंडीला मी रोज पाणी घालायचो. कुंडी उचलली तशी खालची माती ओघळली, आणि ठिपक्यांत वडिलांचं नाव दिसलं.

आई मागं सुपात गहू निवडत बसली होती.

"आई, हे ताट इथं कसं?"

"मीच ठेवलं की." तिनं सुपातून वरही बघितलं नाही. "त्या ऐतवारी तू समोरच्याला त्यात जेवू घातलं न्हाईस का? म्हणून बाजूला काढलं. मोडीत कशाला घालायचं, कुंडीला झालं."

तो रविवार मला लख्ख आठवला. बायको माहेरी होती. आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला, साहेबांनी अर्धा दिवस घालून बसवून दिला, मी म्हटलं जेवूनच जा. मी स्वतःच्या हातानं त्यांना वाढलं होतं, वडिलांच्या नावाच्या ताटात, आणि तेव्हा मनात म्हणालोही होतो की बघा, आम्ही किती सुधारलेली माणसं.

"अगं, पण मी त्यांच्यावर आळ घेतला ना! तू घरात होतीस, तुला ऐकू आलं असंल!"

"आलं की. पूजेत होते म्हणून बोलले न्हाई. नंतर तू इचारलं न्हाईस." मग सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "आपल्या घरात आधी इचारायचं असतं, बाळा. तू तर थेट त्यांनाच इचारलंस."

आईचं चुकलं, हे मी आज लिहू शकतो. ती जुन्या काळची होती, तिनं जे केलं ते वाईटच होतं, पण तिनं ते लपवलं नव्हतं. पुढचं मी केलं. समोरच्या गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. पाठमोऱ्या. मी पाहिलं, त्यांनी वळून पाहिलं नाही. मी ओंजळीनं माती परत ताटात भरली, नावावर नीट थापली, नाव भिंतीकडं फिरवलं आणि कुंडी पुन्हा त्याच ताटावर ठेवली.

मनाशी म्हणालो, लग्न होऊन जाऊ दे. व्याह्यांच्या कानावर असलं काही नको. मग सांगू.

बायकोला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता जाऊन सांगा. आत्ता." मी गेलो नाही. ती स्वतः जायला निघाली, तर मी म्हणालो, "आईची लाज जाईल." त्यावर ती थांबली. आईच्या नावाखाली मी माझी लाज वाचवली.

आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांनी मिळून घेतलेली भांडी होती. साठ ताटं, पातेली, कढया. बारसं असो, गणपती असो, जयंती असो, तीच निघायची. त्यांच्या कपाटाची चावी कैक वर्षं वहिनींकडं होती, कारण त्यांच्या हातून एक चमचा कधी कमी झाला नव्हता. माझं बोलणं ऑफिसातून घराघरांत पोचलं होतं. ताट सापडल्यावर दोन आठवड्यांनी, जिन्याखाली माणसं जमलेली असताना कुणीतरी म्हणालं, "चावी आता भाऊसाहेबांकडं असू द्या. आळीपाळीनं बरं असतं." आळीपाळी आधी कधी नव्हती. साहेब तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझं ताट कुठं आहे हे त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं. मी म्हणालो, "तुमची सगळ्यांची मर्जी."

चावी द्यायला वहिनी स्वतः आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"साठ हायत. मोजून घ्या."

"असू द्या हो वहिनी, मोजायचं काय त्यात."

"न्हाई, मोजा. परत कुणी म्हणायला नको."

आम्ही खाली गेलो, आणि त्यांच्या समोर मी साठ ताटं मोजली. साठच होती. माझ्या पाठीमागं, वरच्या गॅलरीत, एकसष्टावं कुंडीखाली होतं. त्यांना ते माहीत आहे अशी मला त्या क्षणी खात्री वाटली. त्या हात बांधून उभ्या होत्या आणि माझ्याकडं अशा बघत होत्या की मी चाळिसाला चुकलो, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

तेव्हापासून संशयानं घर बदललं. आधी मी त्यांच्यावर घेत होतो, आता तो मला लागला. वहिनी गॅलरीत आल्या की मी आत जायचो. त्यांनी विचारलं, "गवती चहा लई वाढलाय की, दोन पाती द्या," तर मला वाटायचं, कुंडीचाच विषय का काढला? मी पाती कापून द्यायचो आणि त्यांची नजर कुठं जाते ते बघायचो. दोन वर्षांनी मी रिटायर झालो. क्वार्टर सोडताना ताट घासून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातलं आणि लातूरला आणलं. लग्न कधीच होऊन गेलं होतं.

बायको गेल्यावर काही महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीला नांदेडला जायचं होतं. साहेबांचा फोन आला, "भाऊसाहेब, हॉटेलात जेवाल तर बघा." त्यांनी आता स्वतःचं घर बांधलं होतं. मी कापडी पिशवीत ताट घातलं. एसटीत वाक्य पाठ करत गेलो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली, तोवर ते मला तोंडपाठ झालं होतं.

घरात शिरताच तेच टेबल दिसलं. पॉलिश नवं, पाय तेच. वहिनी थकल्या होत्या, केस पांढरे, पण ताटं स्वतः मांडत होत्या. सगळी पांढरी, काचेची.

"काचेची बरी, भाऊ," त्या म्हणाल्या. "नाव घालायची कटकट न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या भात वाढत होत्या. टोमणा होता की नुसतं बोलणं, मला आजही ठरवता येत नाही. पिशवी मी खुर्चीच्या पाठीला अडकवली होती. बसताना ती टेबलाच्या पायावर आपटली आणि आतून खण्ण आवाज झाला.

"काय हो त्यात?" साहेबांनी विचारलं.

वहिनी हसल्या. "घरून ताट आणलं का काय, भाऊ?"

साहेब मोठ्यानं हसले. यापेक्षा मोठं दार मला कुणी उघडून दिलं नसतं. फक्त "हो" म्हणायचं होतं.

"औषधाचा डबा हाय," मी म्हणालो.

वहिनींनी आमटीचं पातेलं पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "जेवा. आमटी गार होऊन राहिली." वांग्याची भाजी त्यांनी मला दोनदा वाढली. निघताना द्रोणात लाडू दिले. मी ते ताटाशेजारीच ठेवून लातूरला आणले.

गेल्या वर्षी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो, पिशवी घेऊनच. मांडवात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. फोटोपुढं मेणबत्त्या लावलेल्या. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना तरी सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, "ती तुमची लई आठवण काढायची, भाऊसाहेब. म्हणायची, भाऊ कधीतरी मी एकटी असताना येतील." एकटी असताना का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी फोटोपुढं उभा राहिलो, फूल वाहिलं, ओठ हलवले, आणि मागची माणसं खोळंबली म्हणून बाजूला झालो. पिशवी काखेतच होती.

वाक्य मला अजून पाठ आहे. वहिनी, ताट आमच्याच घरात होतं. साहेब त्यात जेवले म्हणून ते कुंडीखाली गेलं होतं. ते मला महिन्याभरातच सापडलं होतं, आणि मी ते पुन्हा मातीत घातलं, तुमच्याकडून चावी घेतली, तुमच्यासमोर साठ ताटं मोजली. तुम्ही काही घेतलं नव्हतं. मला माफ करा.